रॉयस एम्ब्रीचा डावा हात

हार्लन फॉल्स, नॉर्थ कॅरोलिना
२ मे १९७६

प्रिय ऑरिन,

तू फोन उचलत नाहीस. शेवटी काल तुझ्या शेजारणीला, मिसेस लाउडरमिल्कना, फोन केला. त्या म्हणाल्या, आहेत की घरात, सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना दिसले. म्हणजे जिवंत आहेस. घंटा ऐकू येत नसेल तर नसो, पत्र तरी पायात येईल.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. ल्युसिलला मूठमाती दिली आणि दुसऱ्याच दिवशी मी टीम घेऊन बेसबॉलच्या सरावासाठी फ्लोरिडाला निघून गेलो. सख्खी बहीण गेली आणि तिसऱ्या दिवशी मी पोरांवर ओरडत उन्हात उभा होतो. तुझ्याजवळ चार दिवस राहायला हवं होतं. राहिलो नाही. का, ते मला सांगता येणार नाही, तूही विचारू नकोस.

आता कामाचं. या वर्षीची टीम तुला आवडली असती. म्हणजे हरतो आम्ही भरपूर, ते सोड. पहिल्या बेसवर एक अगडबंब गडी आहे, चेंडू लागला की कुंपणापलीकडे, पण लागतो फक्त रविवारी. मी त्याला विचारलं, देवाशी काही ठरलंय का तुझं? व्हेनेझुएलाहून आलेला एउसेबियो आहे. त्याला इंग्रजीत 'चिकन' एवढंच म्हणता येतं, म्हणून तिन्ही वेळा चिकनच खातो. पण पळत पुढचा बेस असा चोरतो की समोरचा कॅचर चेंडू हातात धरून नुसता बघत राहतो. वरच्या ऑफिसात विचार, या दोघांची नावं कोणाला माहीत नाहीत.

आणि रॉयस एम्ब्री. तो डाव्या हाताने चेंडू टाकणारा पिचर, तू गेल्या उन्हाळ्यात पाहिलंस त्याला. पंचवीस वर्षांचा, याच गावात तिसरं वर्ष, नवे खेळाडू त्याला 'काका' म्हणतात. तेव्हा तू म्हणाला होतास, माणूस चांगला आहे, विमा विकायला लागला तर नाव काढेल. बरोबर होतं तुझं. पण आता तो वेगळा आहे. काय बदललंय ते मी लिहिणार नाही. लिहिलं तर तुला तेच दिसेल. तू येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

जूनमध्ये क्लब नवे खेळाडू घेईल आणि तेवढेच जुने काढेल. त्याआधी ये.

तुझा मेहुणा, अजूनही,
डेल्बर्ट


केंट्स फेरी, टेनेसी
११ मे १९७६

प्रिय डेल्बर्ट,

पत्र मिळालं. मी बरा आहे.

तू थांबला नाहीस याचं मला काही वाटलं नव्हतं. तू गेलास हे माझ्या लक्षात आलं तेव्हा बहुतेक चार दिवस होऊन गेले होते.

डब्यातलं सूप गरम करून खातो. कधी गरम करायचं राहून जातं. तिचा कोट अजून दारामागे आहे. काढावा असं वाटत नाही, ठेवावा असंही वाटत नाही. मिसेस लाउडरमिल्क दर गुरुवारी काहीतरी शिजवून आणतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी छान झालंय म्हणतो.

काम चालू आहे. वरच्या ऑफिसातल्या मर्व्हिनने मुख्य टीमच्या खालच्या तिन्ही टीममधल्या प्रत्येक खेळाडूवर अहवाल मागितलाय, जूनच्या मध्यापर्यंत. कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं ते त्यावरून ठरवणार. एकूण एकाहत्तर जण. त्यातले चाळीस झाले. तुझ्याकडे येईन.

ऑरिन


केंट्स फेरी
९ जून १९७६

प्रिय डेल्बर्ट,

शनिवारी, ५ तारखेला, येऊन गेलो. पुढे लगेच निघायचं होतं म्हणून तुला भेटलो नाही. अहवाल काल पाठवले. एउसेबियोला ठेवा असं लिहिलंय. पहिल्या बेसवाल्याला अजून एक वर्ष द्या असं लिहिलंय. एम्ब्रीत मला नवीन काही दिसलं नाही.

उकाडा फार आहे.

ऑरिन


हार्लन फॉल्स
१४ जून १९७६

प्रिय ऑरिन,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग आमच्या तिकीटवालीलाही वाचून दाखवलं, मला वाचता येतंय ना याची खात्री करायला.

शनिवारी? अरे, शनिवारी रॉयसने सात डाव टाकले आणि अकरा जणांच्या बॅटला चेंडूचा वारासुद्धा लागू दिला नाही. समोरच्या टीमचा मॅनेजर सामना संपल्यावर माझ्याकडे आला आणि म्हणाला, हा तू कुठून आणलास, आणि आमच्याकडे कधी देतोस? आणि तुला नवीन काही दिसलं नाही?

मी दोन दिवस विचार केला. मला वाटतं, तू मला टाळतोयस. रागावलो नाही मी. आरशात बघितलं तर माझं मलाच कळतं, नाक तिचं, भुवया तिच्या, हसताना डावा गाल वर जातो तोसुद्धा तिचाच. असा चेहरा समोर नको वाटत असेल तुला. मी समजू शकतो. पण माझ्या तोंडाची शिक्षा त्या बिचाऱ्या रॉयसला का?

मीही माझा अहवाल पाठवलाय. पण मॅनेजरला आपली सगळीच पोरं सोन्याची वाटतात हे मर्व्हिनला ठाऊक आहे, माझं तो अर्धंच वाचतो. तुझ्या सहीला वजन आहे. अजून एकदा ये. मी हवं तर तोंडावर टॉवेल टाकून बसतो.

डेल्बर्ट


हार्लन फॉल्स
२ जुलै १९७६

ऑरिन,

रॉयसला काढलं. परवा दुपारी ऑफिसातून फोन आला, आणि सांगायचं काम माझं होतं.

कपडे बदलायच्या खोलीशेजारी माझी ती कोंदट खोली आहे ना, तिथे त्याला बोलावलं. बाहेर फलकावर संध्याकाळच्या सामन्यासाठी त्याचंच नाव खडूने लिहिलेलं होतं. मी सांगितलं. त्याने दाराबाहेरच्या फलकाकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे आज मी चेंडू टाकायचे नाहीत?"

"नाही."

"मग टाकणार कोण? लॅरीचा खांदा दुखतोय."

मी म्हटलं, ते मी बघेन. मग त्याने विचारलं, कारण काय? तुझ्या अहवालाची कार्बन प्रत माझ्याकडे आलेली होती. असं कोणाला वाचून दाखवायचं नसतं, पण तीन वर्षं त्याने माझ्यासाठी खांदा झिजवलाय, म्हटलं, त्याचा हक्क आहे. वाचली. 'हात खांद्यावरून सरळ वर येतो, चेंडू सरळ जातो, वेग बेताचा, सुधारणेची शक्यता नाही.'

त्याने वाकून कागद बघितला. मग हळूच म्हणाला, "कोच, हे माझ्याबद्दल नाहीये."

मी पुन्हा वाचली, आणि लक्षात आलं.

मार्चपासून रॉयस एम्ब्रीने एकही चेंडू खांद्यावरून टाकलेला नाही, ऑरिन. तेच तर बदललंय. फ्लोरिडात मी त्याचा हात खाली आणला, कमरेजवळून, आडवा. तेव्हापासून त्याचा चेंडू येताना एकीकडे दिसतो आणि पोचतो भलतीकडेच. आंधळ्यालासुद्धा पहिल्या चेंडूला कळलं असतं. तू आलाच नव्हतास. गेल्या वर्षीची वही समोर ठेवून उतरवून काढलंस.

सही कोणाची ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मर्व्हिनला फोन केला. तो म्हणाला, जागा भरली, एकोणीस वर्षांचा नवा आलाय, आणि पंचवीस म्हणजे काही लहान वय नाही. अहवाल खोटा आहे हे मी त्याला सांगितलं नाही. ते मी सांगायचं नाही, तू सांगायचंस.

त्याच्या बायकोने, नोरीनने, एका तासात सगळं सामान गाडीत भरलं. ती सातव्या महिन्यात आहे.

डेल्बर्ट


केंट्स फेरी
१० जुलै १९७६

डेल्बर्ट,

तू लिहिलंस ते खरं आहे. थोडं चुकलंय, तेवढं सांगतो.

मी आलो होतो. शनिवारी दीड वाजता तुमच्या मैदानाबाहेर गाडी लावली. काच खाली केली. वही काढली, पेन काढलं. सवयीने बाजूच्या सीटवर हात गेला. तुला माहीत आहे, एकतीस वर्षं आकडे ती लिहायची. मी फक्त बघायचो आणि बोलायचो, चेंडू, बाद, चेंडू, लागला, आणि ती लिहायची. मी सीटवर हात ठेवून बसून राहिलो. आतून लोकांचा आवाज येत होता. दार उघडायचं आहे हे मला कळत होतं. कोणी अडवलं नव्हतं. पाय दुखत नव्हते. मी रडतही नव्हतो. नुसता बसलो होतो. चौथा डाव संपल्याचं भोंग्यावर ऐकलं, बरोबर आणलेलं सँडविच खाल्लं आणि गाडी वळवली.

घरी येऊन गेल्या वर्षीची वही उघडली. त्यातले आकडे तिच्या अक्षरात आहेत. ते उतरवले आणि पाकीट बंद केलं. तुझ्या टीममधल्या सगळ्यांचं तसंच केलं. एउसेबियो या वर्षीच आलाय, तो वहीत नव्हता. त्याच्याबद्दल तुझ्या पत्रातलंच लिहिलं. त्याचं नशीब.

मला वाईट वाटलं नाही. हे तुला सांगायला हवं. खोटं बोललो तेव्हा वाटलं नाही, तुझं २ तारखेचं पत्र वाचलं तेव्हाही नाही. सातव्या महिन्याचं वाचलं, घडी घातली आणि भांडी धुतली. वाईट वाटायला हवं हे मला समजतं, जसं आज शनिवार आहे हे समजतं, तसं. त्यापलीकडे काही नाही.

काल मर्व्हिनला फोन करून सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ऑरिन, तू अठरा वर्षं माझे डोळे होतास. आणि म्हणाला, वह्या आणि स्टॉपवॉच पोस्टाने पाठवून दे. एम्ब्रीला परत घ्या म्हटलं, तर म्हणाला, आता तुझ्या सांगण्यावरून कोणालाही घेता येणार नाही. ते बरोबरच आहे.

मला रॉयस एम्ब्रीचा पत्ता हवाय.

ऑरिन


हार्लन फॉल्स
१ ऑगस्ट १९७६

ऑरिन,

पत्ता: मार्फत ज्यूएल पार्नेल, एजफील्डजवळ, साउथ कॅरोलिना. नोरीनचे वडील. पीचच्या बागा आहेत, रॉयस पेट्या भरतो.

तीन आठवडे द्यायचा की नाही ठरत नव्हतं. पत्ता दिला म्हणजे मी सगळं गिळलं असं समजू नकोस. त्याला पुन्हा आशा लावायची असेल आणि अर्ध्यात सोडून गाडी वळवायची असेल, तर जाऊ नकोस. घरी बस.

डेल्बर्ट


केंट्स फेरी
२४ ऑगस्ट १९७६

प्रिय डेल्बर्ट,

जाऊन आलो.

शेवटचे पीच उतरत होते. पत्र्याच्या लांब शेडमध्ये पाच-सहा माणसं पेट्यांना खिळे ठोकत होती, त्यात रॉयस होता. त्याने मला ओळखलं. 'मिस्टर टीग' म्हणाला, शर्टाला हात पुसून हात पुढे केला. मी म्हटलं, आधी ऐकून घे, मग हवं तर हात मिळव.

सांगितलं. अहवाल माझा होता, मी आत आलोच नव्हतो, जुनं उतरवून काढलं. ल्युसिलबद्दल बोललो नाही. तिची ढाल करायची नव्हती.

तो ऐकत होता आणि खिळे ठोकत होता. एका पेटीचे चारही कोपरे झाले, मग म्हणाला, "का?"

मी म्हटलं, कारण सांगण्यासारखं नाही.

"मग आता काय हवंय?"

"तू टाकताना बघायचंय."

"तेव्हा बघायचं होतं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "तेव्हा मी रोज टाकत होतो."

मी शेडबाहेर एका उलट्या पेटीवर बसलो. दुसरीकडे जायचं मला सुचलं नाही. नोरीन दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा थंड चहा घेऊन आली. पोट आता बरंच पुढे आलंय. ती म्हणाली, "तुम्ही आहात की गेलात ते बघायला मला पाठवतोय तो." मी म्हटलं, आहे. मग तिने विचारलं, गेल्या वर्षी तुमच्या मिसेस बरोबर असायच्या, या वेळी नाही आणल्या? मी म्हटलं, नाही. एवढंच निघालं तोंडातून.

चारच्या सुमाराला काम सुटलं. रॉयस घरात गेला आणि दोन ग्लोव्ह घेऊन आला. एक माझ्या मांडीवर टाकला. "इथे पकडणारं कोणी नाही," म्हणाला. "साठीतही गुडघे वाकत असतील तर बसा."

शेडमागच्या मोकळ्या जागेत मी उकिडवा बसलो. डेल्बर्ट, तू सांगितलं नाहीस ते बरं केलंस, नाहीतर माझा विश्वास बसला नसता. त्याचा हात कुठून येतो ते शेवटपर्यंत कळत नाही. पहिले तीन चेंडू माझ्या ग्लोव्हला लागलेच नाहीत. चौथा नडगीवर बसला. दोन महिन्यांत त्याने कोणासमोर एक चेंडू टाकला नव्हता, तरी चाळीसातले तीस त्याने जिथे म्हटलं तिथे टाकले. मी प्रत्येक चेंडूनंतर स्वतःच लिहीत होतो. माझं अक्षर मलाच लागेना.

मला आनंद झाला असं लिहिलं तर पुन्हा खोटं होईल. पण मी काय बघतोय ते मला पक्कं माहीत होतं. इतकं पक्कं गेल्या दहा वर्षांत क्वचितच माहीत होतं.

आलो आणि सगळं लिहून काढलं, चार पानं. आर्ची कोलबर्न आठवतो? आपल्याबरोबर खेळायचा, तोतरा. तो आता दुसऱ्या क्लबात खेळाडू निवडतो. त्याला पाठवलं. पहिल्याच ओळीत लिहिलं की मला खोट्या अहवालासाठी काढून टाकलंय, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नये, डेल्बर्ट हॅस्लमला विचारावं आणि स्वतः जाऊन बघावं.

निघताना रॉयसने हात मिळवला नाही. पण पीचची एक पेटी नोरीनने गाडीत ठेवली होती.

तुझा,
ऑरिन


हार्लन फॉल्स
२६ सप्टेंबर १९७६

प्रिय ऑरिन,

मोसम संपला. आम्ही शेवटून दुसरे आलो, म्हणजे माझ्या अंदाजापेक्षा एक जागा वर. पहिल्या बेसवाल्याने शेवटच्या आठवड्यात चक्क बुधवारी चेंडू कुंपणापलीकडे मारला, मी सामना थांबवून कॅलेंडर मागवणार होतो.

आर्चीचा फोन आला. तोतरेपणा गेलाय त्याचा, आता नुसती लांबण लावतो. तासभर रॉयसबद्दल विचारत होता. मला जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, ऑरिनचं काय समजायचं? मी म्हटलं, त्याने एकदा खोटं लिहिलं आणि ते स्वतः जाऊन कबूल केलं, आपल्या धंद्यात पहिली गोष्ट रोज होते, दुसरी मी बघितली नव्हती.

आर्ची मंगळवारी एजफील्डला जाऊन आला. रॉयसला घेतलंय. मार्चमध्ये त्यांच्या सरावाला जाईल, मधल्या टीममध्ये टाकतील म्हणतात. नोरीनला मुलगी झालीय, दोघी ठीक आहेत.

मी तुझ्यावर अजून थोडा रागावलेला आहे. किती ते मोजलं नाही. पण हिवाळ्यात मला काही काम नाही आणि तुझ्या घरात जास्तीची खाट आहे. नोव्हेंबरमध्ये येतो. या वेळी दुसऱ्या दिवशी पळणार नाही. तिचा कोट अजून तिथेच असेल तर दोघं मिळून काढू. नाहीतर राहू दे.

डेल्बर्ट


केंट्स फेरी
१४ सप्टेंबर १९७७

प्रिय डेल्बर्ट,

तू रस्त्यावर असशील, हे हार्लन फॉल्सलाच पाठवतोय.

रॉयसला वर, मुख्य टीममध्ये, बोलावलं हे तू पेपरात वाचलंच असशील, बारीक अक्षरातली एक ओळ होती. उन्हाळाभर मी त्याला बघायला गेलो नाही. त्याने बोलावलं नव्हतं आणि मला हक्क नव्हता. मधल्या टीममध्ये तो जुलैपर्यंत होता, मग त्यावरच्या टीममध्ये गेला, आणि सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी वर. मागच्या सोमवारी मला एक पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती, नुसती तारीख आणि 'तिकीट खिडकीवर नाव सांगा' एवढंच. अक्षर नोरीनचं असावं.

सात तास गाडी चालवून ओहायोत पोचलो. गाडी लावली. या वेळी उतरलो.

खिडकीवरच्या मुलीने दोन तिकिटं पुढे सरकवली. मी म्हटलं, एकच पुरे. ती म्हणाली, यादीत लिहिलंय, मिस्टर आणि मिसेस टीग, दोन. मला तेव्हा आठवलं, मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. मागे रांग होती. मी दोन्ही घेतली.

जागा चांगली होती, पहिल्या बेसच्या बाजूला, कठड्यापासून सहावी ओळ. मी आत बसलो, बाहेरची खुर्ची मोकळी ठेवली. टोपी तिथे ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली. पाच डाव रॉयस कुठे दिसला नाही. मैदान भरलेलं होतं, लोक जिन्यात उभे होते. सहाव्या डावात त्यांच्या पिचरला चोप बसला, बेसवर दोन माणसं, कोणी बाद नाही, आणि भोंग्यावर त्याचं नाव आलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या मागचा एक जण म्हणाला, हा कोण आणखी?

तो चेंडू टाकायच्या उंचवट्यावर चढला. पायाने माती सारखी केली. तेवढ्यात जिन्यातला एक माणूस माझ्याकडे वाकला. साधारण आपल्याच वयाचा, एका हातात मोहरी लावलेलं हॉट डॉग, उभा राहून दमलेला. त्याने खुर्चीकडे बोट केलं.

"इथे कोणी आहे का?"

दीड वर्षात हा प्रश्न मला कोणी असा सरळ विचारला नव्हता, डेल्बर्ट.

"नाही," मी म्हणालो. "कोणी नाही. बसा."

तो बसला. खुर्ची करकरली. त्याने विचारलं, ओळखता का याला? मी मान हलवली आणि टोपीने डोळे पुसले. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग समोर बघू लागला. भला माणूस होता.

पहिले दोन चेंडू मी बघितले. खालून, आडवे, एजफील्डला टाकले तसेच. त्यापुढचं मला नीट दिसलं नाही. फलकावरून सांगतो, तिघं आले, तिघं बाद, बेसवरची दोन्ही माणसं होती तिथेच राहिली.

तुझा,
ऑरिन